मी तीन म्हणायच्या आत

रत्नागिरीत मूल वाढवणाऱ्याला एक अडचण आहे, जी सातारा-सांगलीकडच्या आईबापांना नाही. ती म्हणजे टिळक. २३ जुलै १८५६ ला ते इथे जन्मले. टिळक आळीतलं ते घर अजून जपून ठेवलंय, आणि मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांच्यासोबत आपलं पोरगंही तिथे घेऊन जातो. बाहेर पडताना शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपणच त्याला सांगतो. सांगताना आवाज भरून येतो. गुरुजी छडी घेऊन उभे, वर्ग चिडीचूप, आणि एवढासा बाळ ताठ मानेने सांगतोय की ज्या शेंगा आपण खाल्ल्याच नाहीत त्यांची टरफलं आपण उचलायचा प्रश्नच येत नाही. पोरगं कान टवकारून ऐकतं. आपल्याला वाटतं संस्कार होताहेत. पोरगं मुद्दे टिपून घेत असतं.

जुलै उजाडला की गावात गल्लोगल्ली छोटे टिळक हिंडू लागतात. पुठ्ठ्याची पगडी, काजळाच्या मिशा, वर रेनकोट, आणि पगडी भिजू नये म्हणून तिच्यावर किराणा दुकानाची पिशवी. आमच्या चिरंजीवांनीही यंदा भाषण केलं. टरफलांच्या ठिकाणी असा हात उडवला की पहिल्या रांगेतल्या बाईंचा चष्मा हलला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्याच संध्याकाळी घरात ठोकळ्यांचा सडा पडला होता.

"हे ठोकळे उचल."

"मी नाही उचलणार."

"का?"

"मी सांडले नाहीत."

"मग कोणी सांडले?"

"ते सांडले."

यावर कुठला बाप काय बोलेल? टिळकांनी निदान शेंगा खाल्ल्या नव्हत्या. आमच्याकडे शेंगाही खायच्या, टरफलंही टाकायची, आणि उचलायची वेळ आली की स्वाभिमान जागा करायचा. चळवळ पुढे सरकली आहे ती अशी.

खरं तर मला त्या गोष्टीतल्या गुरुजींबद्दल अलीकडे आपुलकी वाटू लागली आहे. त्यांचा कोणी पुतळा उभारला नाही. त्यांना गोष्टीत नावसुद्धा नाही. सांगणाऱ्यांपैकी काही ती रत्नागिरीत घडवतात, काही पुण्यात. गुरुजी मात्र दोन्हीकडे सारखेच खलनायक. त्या बिचाऱ्याला काय हवं होतं? वर्ग झाडलेला हवा होता. मागच्या जन्मी ते बहुधा आई असावेत.

टिळकांचे वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक. पुढे ते शिक्षण खात्यात वरच्या जागेवर गेले आणि १८६६ मध्ये बदली होऊन सगळं बिऱ्हाड पुण्याला हललं. गोष्टीत ते पोराचीच बाजू घेतात. घेणारच. त्या काळी पालकांचा व्हॉट्सॅप ग्रुप नव्हता. आज असते तर वर्ग सुटायच्या आत "डिअर पेरेंट्स, काइंडली नोट" असा निरोप आणि खाली टरफलांचा फोटो येऊन पडला असता. त्याखाली एकोणतीस अंगठे. तिसावी आई विचारती, "शेंगा कोणाच्या डब्यातून आल्या?" आणि मग सांगा गंगाधरपंतांनी कसली बाजू घेतली असती ते.

पण गृहस्थ पोरं हाताळण्यात हुशार. चरित्रांत असं येतं की बाळला बाणभट्टाची 'कादंबरी' वाचायला हवी होती, तेव्हा वडिलांनी एक अवघड गणित घातलं आणि हे सोडवलंस तर देतो म्हणाले. पोराने सोडवलं आणि पुस्तक पटकावलं. याला आज बालमानसतज्ज्ञ काहीतरी भारदस्त नाव देतात आणि त्याची कार्यशाळा घेतात. आमच्या घरीही हीच पद्धत आहे. गणित सुटलं की अर्धा तास मोबाइल. फरक इतकाच, की गणितही तो मोबाइलवरच सोडवतो.

आता रागाकडे येऊ. आईबापांचा राग हा अचानक येतो असं आपण पाहुण्यांना सांगतो. पण त्याचं वेळापत्रक एसटीपेक्षा पक्कं असतं. सकाळी शाळेच्या रिक्षाआधी दहा मिनिटं एक. दुपारी डबा उघडून बघितला की एक. संध्याकाळी अभ्यासाचा मोठा. रात्री दात घासण्याचा शेवटचा, जो बहुतेक वेळा हुकतो, कारण रागावणाऱ्यालाच झोप आलेली असते.

भर रागात आपण जे प्रश्न विचारतो ते एखाद्या वकिलाला दाखवा, तो कागद खाली ठेवून हात जोडेल. "काय म्हणालास? परत बोल!" म्हणतो. परत बोललं तर मार, नाही बोललं तर "आता का दातखीळ बसली?" खाली बघितलं तर "माझ्याकडे बघ", वर बघितलं तर "डोळे काय वटारतोस?" रडलं तर "रडायला काय झालं?" हसलं तर संपलंच. "मला काय वेडा समजतोस?" हा प्रश्न तर विचारूच नये. त्यावर पोरगं क्षणभर विचार करतं, आणि तो क्षण फार वाईट असतो.

मग मोजणी. "मी तीन म्हणायच्या आत उठला नाहीस तर बघ!" एक. दोन. आणि इथे मराठी माणसाला त्याच्या भाषेने वाचवलं आहे. अडीच. पावणेतीन. इंग्रजी माध्यमातल्या पोराला पावकी-दिडकी आता कोणी शिकवत नाही, पण पावणेतीन म्हणजे काय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पावणेतीन म्हणजे अजून वेळ आहे. आमची बायको पावणेतीननंतर "हं..." म्हणून एक लांब स्वर लावते, त्यात विलंबित एकतालाचं एक आवर्तन बसेल. तीन आजवर आमच्या घरात कोणी ऐकलेला नाही. तीनला काय होणार हे पोराला माहीत नाही, आणि आम्हालाही नाही. सगळा दरारा त्या अज्ञानावर उभा आहे.

पूर्वी धमक्यांना वजन होतं. पिंपळावरचा मुंज्या होता, बागुलबुवा होता, रात्री नुसतं माडांच्या झावळ्या वाजल्या तरी आम्ही मुकाट पानावरची कारल्याची भाजी संपवत होतो. आता मुंज्या म्हटलं की "दाखव" म्हणतात. पोलिसाला बोलावीन म्हटलं तर "सायरनची गाडी आणतील?" विचारतात. आणि "मुंबईला काकाकडे पाठवून देईन" ही धमकी कोकणात कधीच चालली नाही. पोरगं बॅग भरायला घेतं.

पावसाळ्यात आणखी पंचाईत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि घराला पत्रे असतील तर जुलैत माणूस माणसाशी ओरडूनच बोलतो. "जेवायला ये" हेसुद्धा युद्धाची आरोळी दिल्यासारखं म्हणावं लागतं. त्यामुळे खरोखर रागावल्याचं पोराला कळत नाही. परवा शेजारणीने बायकोला खिडकीतून विचारलं, "काय गं, आज फार मारलंत का त्याला?" बायको म्हणाली, "नाही हो, लाडू हवा का विचारत होते."

उलट ऑक्टोबरात पाऊस थांबला की घर एकदम उघडं पडतं. शब्द न् शब्द कुंपणापलीकडे जातो. मग राग दबक्या आवाजात, दात आवळून करावा लागतो. या रागाला पोरं जास्त घाबरतात, असं माझं निरीक्षण आहे. बाप ओठ न हलवता बोलतोय म्हणजे काहीतरी गंभीर आहे.

पण या सगळ्यात अवघड काम आहे ते उसनं रागावण्याचं, आणि ते बापाच्या वाट्याला येतं. आई दिवसभर स्वतःच्या भांडवलावर रागावत असते. दुपारनंतर ते संपतं, मग ती "येऊ देत बाबांना" म्हणून हुंडी लिहून ठेवते. संध्याकाळी सात वाजता बाप घरी येतो. त्याचा दिवस बरा गेलेला असतो. मिरकरवाड्यावरून येताना सौंदाळे स्वस्त मिळालेले असतात. वहाणही काढायच्या आत आवाज येतो, "आधी त्याला विचारा आज काय केलं त्याने."

आता जो गुन्हा आपण पाहिला नाही, ज्याची फिर्याद अर्धी ऐकली, त्यावर जागच्या जागी संतापायचं म्हणजे नटाचंच काम. तेही हातात माशांची पिशवी ठिबकत असताना. मी घसा साफ करतो. "काय रे?" म्हणतो. हे "काय रे" चांगलं जमतं. त्यापुढे काय म्हणायचं ते सुचत नाही, म्हणून पुन्हा म्हणतो, "काय रे?" पोरगं आईकडे बघतं. आई म्हणते, "सांग ना बाबांना." पोरगं सांगतं की त्याने आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चष्म्याने मुंग्या जाळून बघितल्या. मला प्रश्न पडतो, जळल्या का? आबांचा चष्मा लांबचा की जवळचा? बहिर्गोल भिंग असेल तरच उन्हाचा ठिपका पडतो, म्हणजे वाचायचा असणार. हे सगळं मनात. तोंडाने, "लाज नाही वाटत?"

इतक्यात त्या दोघांचा समझोता झालेला असतो. चारच्या सुमाराला त्याने आईला मिठी मारली, तिने त्याला पोळीचा लाडू दिला, प्रकरण मिटलं; फक्त मला कळवायचं राहिलं होतं. मी कष्टाने सूर लावून वरच्या पट्टीत पोचतो, हात उगारतो, आणि बायको पोराला पोटाशी धरून म्हणते, "अहो, एवढं काय? लहान आहे तो!" दोघंही माझ्याकडे असे बघतात, जणू मी वाट चुकून दुसऱ्याच घरात शिरलोय. मासे तेवढे माझ्या बाजूने असतात.

आणि त्यात माझे वडील. ओटीवरच्या झोपाळ्यावरून म्हणतात, "आम्ही नाही हो कधी पोरांवर हात उगारला." माझी बहीण गणपतीत माहेरी आली होती, तिने विचारलं, "आबा, मग वाशाला अडकवलेली ती निरगुडीची फोक कशासाठी होती?" आबा म्हणाले, "ती बैलांसाठी." ती म्हणाली, "आपल्याकडे बैल कधी होते?" आबांनी झोपाळ्याला जरा जोरात रेटा दिला आणि पाऊस अजून किती दिवस राहील ते सांगू लागले.

फोकेवरून पालगड आठवतं. आमच्याच जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं. साने गुरुजींचं गाव. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि तेव्हापासून उभा महाराष्ट्र त्यावर रडतोय. आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आता सगळ्यांना त्या आईची माया आठवते, पायाला घाण लागू नये म्हणून पसरलेला पदर आठवतो. पण त्यात एक पोहण्याचाही प्रसंग आहे. श्याम विहिरीला घाबरून लपतो, आणि हीच मायाळू आई शिंपटी घेऊन त्याला झोडपत विहिरीकडे पिटाळते. मुलाला उद्या लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून. वाचणारी आई या पानावर डोळे पुसून पुस्तक मिटते आणि स्वयंपाकघरातून ओरडते, "तिसऱ्यांदा सांगतेय!" आदर्श मातेच्या हातातही शिंपटी होती हे वाचून जो धीर येतो, तो कुठल्याच पालकत्वाच्या पुस्तकात मिळत नाही. अर्थात तिच्या मुलाने पुढे तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेही तुरुंगात बसून. आमचा लिहिणार नाही. लिहिलं तर तुरुंगात मी असेन.

ही नुसती थट्टा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्ही बंद झालं, १ एप्रिल २०१० पासून. गुरुजींच्या हातातली छडी गेली ती गेलीच, आणि चांगलं झालं. आमच्या पिढीच्या तळहातांना विचारा. स्वीडनने तर १९७९ मध्येच आईबापांनाही हात उगारायला बंदी केली. जगातला पहिला देश. नुसता कायदा करून ते थांबले नाहीत. घरोघरी कळावं म्हणून त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली. मला या कल्पनेचं कौतुक वाटतं आणि काळजीही. सकाळी सातला दुधाची पिशवी हातात घ्यावी, तिच्यावर लिहिलेलं असावं 'मुलांना मारू नका', आणि तीच पिशवी फोडून, तापवून, गाळून, वर साय नको म्हणून पुन्हा गाळून पेला पोरापुढे ठेवावा. तो म्हणणार, "नको." स्वीडनमध्ये दुधाला साय येत नसावी. आली असती तर हा कायदा संसदेत अडकला असता.

मारायचं नाही तर काय करायचं? तज्ज्ञ म्हणतात, थोडा वेळ एकटं बसवा. शांत होईल, विचार करेल. ही युक्ती मायबाप सरकारला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होती. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेच्या थिबा राजाला राज्यावरून उचललं आणि पुढच्या वर्षी इथे रत्नागिरीत आणून बसवलं. १९०८ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना उचललं आणि मंडालेला नेऊन बसवलं. वर्गात दोन वात्रट पोरांची जागा अदलाबदल करतात त्यातलाच प्रकार. टिळक सहा वर्षं एकटे बसले आणि गीतारहस्य लिहून परत आले. मी चिरंजीवांना खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. त्यानेही लिहिलं. भिंतीवर, खडूने. आता कुठे बसवावं?

आणि थिबा राजाची कथा तर आमच्या सगळ्या पालकसभांत सांगावी अशी. ज्याच्या नजरेसमोर मंडालेत माणसं जमिनीवर लोटांगण घालत, तो इथे १९१० च्या सुमाराला बांधलेल्या त्या तीन मजली राजवाड्यात राहायला आला. गावच्या वर टेकडीवर, खाली खाडी, समोर समुद्र. बरोबर राणी सुपयालत, जिच्या रागाला ब्रह्मदेशात सगळे टरकून असत. आणि चार मुली. थोरलीचं मन इथल्याच एका दरवानावर बसलं, त्याचं आधीच लग्न झालेलं होतं. तिला १९०६ मध्ये मुलगी झाली, तुतू, जी पुढे रत्नागिरीचीच होऊन मराठी बोलत इथे जगली. दुसरीने आईच्या मनाविरुद्ध पदरच्याच एका ब्रह्मी तरुणाशी लग्न केलं. राणीने काय आकांडतांडव केलं असेल, कल्पना करा. राज्य होतं, सिंहासन होतं, राग होता, पोलीस तर सरकारने दारातच ठेवले होते. काही उपयोग झाला नाही. ज्या दिवशी आमचा पोरगा नखं कापू द्यायला तयार होत नाही त्या दिवशी संध्याकाळी मी थिबा पॉइंटला जाऊन बसतो. बरं वाटतं.

शिक्षा हा प्रकार मात्र मला कळला तो पावसच्या बाजूला, आतेभावाच्या घरी. त्याची हापूसची कलमं आहेत. मे महिना, माजघरात पेंढा पसरून अढी घातलेली, सगळ्या घरात तो वास, आणि दारात मुंबईला जायच्या पेट्या. अढीला हात लावायचा नाही, हा त्या घरातला वेदाहून मोठा नियम. आतेभावाचा धाकटा, वय वर्षं सात, दुपारी सगळे आडवे झाल्यावर आत शिरला. पिकलेला आंबा ओळखायचा कसा, तर अंगठ्याने दाबून, हे त्याने बापालाच करताना पाहिलं होतं. त्याने एकेक करून सगळी ओळ दाबली. दाबला, नाही पिकला, ठेवला. दुसरा. अगदी शिस्तीत. चार वाजता आतेभावाने पेंढा बाजूला केला तेव्हा प्रत्येक आंब्याच्या गालावर एक छोटा, नेमका खळगा होता. उद्यापर्यंत तिथे काळा डाग पडणार हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

त्यानंतर तो जे बोलला त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "मेल्या!" बाकीचं वाडीतल्या कुत्र्यांनीसुद्धा उठून ऐकलं. पोरगं सोप्यावर उभं राहून ऐकत होतं. रडलं नाही. शेवटी आतेभावाने, दम लागल्यावर, शिक्षा सुनावली, "आज तुला आंबा नाही. रस नाही, फोड नाही, बाठासुद्धा नाही. कळलं?"

"कळलं," पोरगा म्हणाला.

रात्री पंगत बसली. दाबलेले आंबे मुंबईला जाणार नव्हते, दोन दिवस ठेवले तर बाजारातही जाणार नव्हते, तेव्हा पिकायला आलेले सगळे आत्ताच संपवायचे ठरलं. पातेलंभर रस. माणशी तीन वाट्या झाल्या तरी पातेलं हलेना. वहिनीने सुस्कारा सोडून पोरापुढेही वाटी सरकवली.

"मला नाही," तो म्हणाला. "बाबा म्हणालेत."

"असू दे रे, खा आता."

"आज नाही. बाबांनी सांगितलंय. बाठासुद्धा नाही."

आतेभाऊ म्हणाला, "बरं, शिक्षा माफ. खा." पोराने मान हलवली. एकदा दिलेली शिक्षा अशी माफ करायची नसते, हे बहुधा त्याला शाळेत शिकवलं असावं. तो वरणभाताचे गोळे करून सावकाश खात होता, चेहऱ्यावर विलक्षण समाधान. आतेभावाचा आवाज चढू लागला. "मी सांगतोय खा म्हणून!" वहिनी म्हणाली, "अहो, हळू." पोराने शांतपणे ताकाची वाटी उचलली.

आत्या इतका वेळ पाटावर गप्प बसून बाठा चोखत होती. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला, बोटं पुसली आणि मुलाला म्हणाली, "आता ऐकतो म्हणून मार त्याला."